३३.४ मीटरचा बेहडा २७.५ वर कसा आला: देवराईतल्या एका झाडाच्या उंचीचं प्रकरण

मुळशीच्या पुढे ताम्हिणीच्या बाजूला एका गावाच्या देवराईत एक जुना बेहडा आहे. गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार होत होती, २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी करायची असते ती, आणि तिच्यात या झाडासमोर उंची ३३.४ मीटर अशी नोंद होती. गावाला देवराईच्या तोंडाशी बोर्ड लावायचा होता, त्यावर हा आकडा टाकायचा होता. आम्ही पुण्यातले काही जण अशा नोंदी तपासायला मदत करतो, म्हणून सरपंचबाईंचा निरोप आला की पेंटरला मजकूर द्यायच्या आधी एवढा आकडा बघून द्या.

आकडा अशक्य होता असं अजिबात नाही. भीमाशंकरच्या माथ्यावर वाऱ्याच्या माऱ्यात अंजनी, जांभूळ, पिसा यांचं जंगल बुटकंच राहतं, पण देवराया बऱ्याचदा घळीत, ओढ्याकाठी, खोल मातीवर असतात आणि कित्येक पिढ्या कुऱ्हाड लागलेली नसते, तिथे बेहडा तिशीच्या वर जाऊ शकतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पुण्यातून या देवरायांचा अभ्यास केला तेव्हापासून इथली मोठी झाडं अभ्यासकांना माहीत आहेत. त्यामुळे "एवढं उंच कसं असेल" हा प्रश्नच नव्हता. मला खटकला तो मोजणीचा कागद. त्यावर तीन गोष्टी होत्या: झाडापासून आडवं अंतर २० मीटर, शेंड्याचा कोन ५८ अंश, बुंध्याचा कोन खाली ४ अंश. एकाच जागेवरून घेतलेलं, आणि तारीख पावसाळा नुकताच संपल्याची.

कागदावरचं गणित बरोबर होतं, ते आधी सांगतो. ५८ अंशाचा टॅन १.६०, गुणिले २० म्हणजे ३२ मीटर, त्यात डोळ्याच्या पातळीखालचे १.४ मीटर मिळवले की ३३.४. शाळेत बुरुजाची उंची काढतो तेच. पण बुरुजाचा माथा त्याच्या पायाच्या सरळ वर असतो, आणि बेहड्याचा नसतो, म्हणजे त्याचा खरा शेंडा कदाचित असेलही, पण खाली २० मीटरवर उभं राहून मान मागे टाकून आपल्याला जे सगळ्यात वरचं पान दिसतं ते बहुतेक वेळा शेंड्याचं नसतंच, ते आपल्या बाजूला पुढे आलेल्या एखाद्या फांदीचं असतं आणि खरा शेंडा त्या फांदीच्या मागे दडलेला असतो.

आता ती फांदी खोडापासून आपल्याकडे ५ मीटर पुढे आलेली आहे असं धरा. मोठ्या बेहड्याला हे काहीच नाही. मग त्या पानाचं आपल्यापासून आडवं अंतर २० नाही, १५ मीटर आहे. १५ गुणिले १.६० म्हणजे २४, अधिक १.४, म्हणजे २५.४. तेच पान, तोच कोन, आणि ८ मीटरचा फरक. यात कोणाचा हात हलला नाही, यंत्र बिघडलं नाही, गणित चुकलं नाही. फक्त कोन एका ठिकाणचा घेतला आणि अंतर दुसऱ्या ठिकाणचं.

५८ अंश बघूनच शंका यायला हवी ती यामुळे. जेवढी झाडाची अंदाजे उंची तेवढं तरी लांब उभं राहा, कोन ४५ च्या खाली ठेवा, असं नेहमी सांगतात आणि त्याला कारण आहे. कोन चढा झाला की टॅन फार वेगाने वाढतो. २० मीटरवरून ५८ अंशाला नुसत्या अर्ध्या अंशाने चूक झाली तरी उंचीत ६० सेंमीच्या वर फरक पडतो, आणि पुढे आलेल्या फांदीचा घोटाळा तर त्याहून कितीतरी मोठा. पण उष्णकटिबंधातल्या दाट रानात लांब उभं राहायचं कुठे? तीस मीटर मागे गेलात की बेहडा दिसतच नाही, मध्ये आंबा, जांभूळ, अंजनी, आणि त्यांच्यावरून चढलेली गारंबी. त्यामुळे माणूस आपोआप जवळ येतो, जिथून थोडंफार आभाळ दिसतं तिथे थांबतो, आणि तिथूनच मोजतो. आधीच्या टीमने तेच केलं होतं आणि त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याने तेच केलं असतं.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी कारण ती बऱ्याच लोकांना माहीत नसते. त्यांच्याकडे लेझरचं यंत्र होतं, साधा क्लायनोमीटर, म्हणजे नुसता कोन मोजायचं यंत्र, नव्हता. लेझर आहे म्हणजे अचूक आहे असा समज असतो. पण अशा यंत्रांमध्ये उंचीसाठी जो तीन पॉइंटचा मोड असतो त्यात लेझर फक्त खोडावर मारला जातो, आडवं अंतर मिळतं, मग बुंधा आणि शेंडा यांच्याकडे नुसतं रोखायचं आणि बटण दाबायचं, बाकी उंची यंत्र काढतं. शेंड्यापर्यंत लेझर गेलेलाच नसतो. म्हणजे आत टॅनचंच गणित चाललेलं असतं, स्क्रीनवर दशांशासकट आकडा येतो आणि आपल्याला वाटतं लेझरने झाड मोजलं. मोबाईलवरच्या अ‍ॅपचं तेच, आणि काठी धरून समरूप त्रिकोणाने मोजतात त्याचंही तेच. शेंडा बुंध्याच्या बरोबर वर आहे हे या सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे.

दुसरी पद्धत साइनची. यात लेझर थेट त्या वरच्या पानावर किंवा डहाळीवर मारायचा, तिरकं अंतर घ्यायचं, आणि त्याला कोनाच्या साइनने गुणायचं. बऱ्याच यंत्रांत उभं अंतर दाखवणारा मोड असतो तो हेच करतो. आपल्या बेहड्याच्या त्या पुढच्या फांदीवर लेझर मारला की तिरकं अंतर २८.३ येतं, ५८ अंशाचा साइन ०.८४८, गुणाकार २४. फांदी पुढे आहे का मागे याने काही बिघडत नाही, कारण अंतर आणि कोन दोन्ही त्याच एका पानाचे आहेत.

पण साइनचाही दोष आहे. ज्या पानावर लेझर लागला त्याची उंची बरोबर येते, झाडाची येईलच असं नाही. शेंडा लपलेला असेल तर आकडा कमी येणार. पनामाच्या जंगलात मार्कु लार्यावारा आणि हेलेन म्युलर-लँडाऊ यांनी या दोन्ही पद्धती ताडून बघितल्या, २०१३ मध्ये ते छापून आलं, आणि त्यात हेच दिसलं: साइनने उंची सातत्याने कमी येते, टॅनचे आकडे मात्र खूप विखुरतात. माझ्या मते इथेच निर्णय होतो. साइनची चूक एकाच दिशेची आहे. तुम्ही दहा जागांवरून मोजा, प्रत्येक वेळी खऱ्या उंचीइतका किंवा त्याहून कमी आकडा येणार, म्हणून त्यातला सगळ्यात मोठा घ्यायचा, तो खऱ्याच्या सगळ्यात जवळ. टॅनच्या बाबतीत असं करता येत नाही. फांदी आपल्याकडे असेल तर आकडा जास्त, पलीकडे झुकलेली असेल तर कमी, आणि सगळ्यात मोठा घेतलात तर सगळ्यात मोठी चूक निवडली. सरासरी काढली तरी काय मिळालं ते कळत नाही.

हे आमच्या टीममधल्या पोरांना कागदावर पटत नाही, म्हणून देवराईत जायच्या आधी त्यांना पुण्यातच एका रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षावर सराव दिला. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेकडचं, पण पुण्यात भरपूर, आणि या कामाला फार चांगलं, कारण ते उंचीपेक्षा आडवंच जास्त पसरतं. त्याच्या फांद्यांच्या टोकाखाली जवळजवळ उभं राहून टॅनने मोजलं तर आकडा इतका फुगतो की शेजारच्या बिल्डिंगकडे बघूनच चूक लक्षात येते. मग तेच पान लेझरने, मग रस्त्याच्या पलीकडून, मग बिल्डिंगच्या गच्चीवरून. एका मुलीने क्लायनोमीटरमध्ये अंशाच्या ऐवजी टक्क्यांची पट्टी वाचली तेही तिथेच सापडलं. ४५ अंश म्हणजे १०० टक्के, दोन्ही पट्ट्या एकाच भिंगात शेजारी शेजारी असतात, आणि रानात घाईत हा घोळ झाला की नंतर कागद बघून कळणं अवघड.

देवराईत पुन्हा मोजायला गेलो ते फेब्रुवारीच्या शेवटी. हे मुद्दाम. बेहडा पानझडी आहे, थंडी सरता सरता पानं टाकतो, नवीन पालवी यायच्या आधी काही आठवडे त्याचा खराटा झालेला असतो, आणि तेव्हा त्याची प्रत्येक डहाळी आभाळावर दिसते. आजूबाजूचे आंबा, जांभूळ, अंजनी हिरवेच असतात त्यामुळे आडोसा राहतोच, पण निदान त्याच्या स्वतःच्या पानांचा पडदा गेलेला असतो. आधीची मोजणी पावसाळ्यानंतरची, झाड पूर्ण पानात, तेव्हा खालून शेंडा ओळखणं जवळपास अशक्यच.

गावातले तात्या बरोबर होते, देवीची पूजा त्यांच्या घराकडे आहे. राईत चपला बाहेर काढायच्या, वाळकं लाकूडसुद्धा उचलायचं नाही, झाडाला खिळा मारायचा नाही, हे आम्हाला माहीत होतं. टीममधल्या एका मुलीने तरी विचारलं,

"तात्या, ड्रोन उडवला तर चालेल का? वरून मोजता येईल."

"ताई, वर आग्या मोहोळ बसतंय. तुमचं ते यंत्र गुरगुरलं आन् माशा उठल्या तर पळायला वाट न्हाई इथं."

"आणि कोणी वर चढून टेप सोडला तर?"

तात्यांनी नुसते हात जोडले. तो विषय तिथेच संपला, आणि संपायलाच हवा होता. जगात उंच झाडांची खात्री अशीच करतात, वर चढून टेप खाली सोडून. बोर्निओमधल्या साबाच्या दानुम खोऱ्यात मेनारा नावाचं पिवळ्या मेरांतीचं झाड आहे, ते २०१९ च्या जानेवारीत चढून टेपने मोजलं तेव्हा १००.८ मीटर भरलं. पण तिथे ते शक्य होतं, इथे नाही. देवीच्या झाडावर चढून आलेला आकडा या गावाला नकोच होता. आणि ड्रोनला मोहोळ नसतं तरी वरून फक्त पर्णसंभाराचा माथा दिसतो, दाट सावलीखालची जमीन नेमक्या कुठल्या पातळीवर आहे ते वेगळं काढावं लागतंच.

मग खालूनच. बुंध्याभोवती जिथे जिथे फट मिळेल तिथून लेझर मारला. कुठून २५.४, कुठून २४.१, ओढ्याच्या बाजूने २६.२. या कामात वेळ कशात जातो ते सांगतो: शेंडा ठरवण्यात. दोन जण वेगवेगळ्या बाजूंना उभे राहून एकमेकांना ओरडून सांगतात की वाऱ्याने उजवीकडची दुफाटी डहाळी हलतेय ती बघ, तिच्या डावीकडे एक सुकलेलं फळ लटकतंय, त्याच्या वर, अजून वर. दोघांनाही तीच डहाळी सापडेपर्यंत बटण दाबायचं नाही. बारीक डहाळीवर लेझर नीट लागत नाही, किरण बाजूने निसटतो आणि मागच्या झाडावर जाऊन लागतो. एकदा आकडा एकदम ३५ च्या वर गेला. साइनने जास्त आकडा येत नाही असं वर म्हटलं ते किरण त्याच झाडावर लागला असेल तरच. त्यामुळे प्रत्येक रीडिंगला आडवं अंतरही बघायचं, आणि ते खोडाच्या अंतरापेक्षा फार जास्त आलं, म्हणजे फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पडलं, तर किरण दुसऱ्याच झाडावर लागलाय. त्या रीडिंगमध्ये आडवं अंतर खोडाच्या १४ मीटर पलीकडचं निघालं, तिथे आंबा आहे. रीडिंग कापलं.

तोडगा तात्यांनीच दिला. म्हणाले, "शेंडा बघायचा तर वरच्या टेपाडावर चला की. उत्सवाच्या दिशी पोरं तिथनंच मोहोळ बघत्यात." राईच्या कडेला उतार चढून एक उघडा कातळ आहे, तिथून बेहड्याचा माथा आंब्याच्या शेजारून स्वच्छ दिसतो आणि झाडांमधल्या एका अरुंद फटीतून खाली बुंधाही दिसतो. बुंध्यापाशी एकाला पांढरा बोर्ड धरून उभं केलं म्हणजे लेझर झुडपात अडकणार नाही.

कातळावरून शेंडा: तिरकं अंतर ४२.६ मीटर, कोन वर ११ अंश. उभं अंतर ८.१. बुंधा: तिरकं अंतर ४६.० मीटर, कोन खाली २५ अंश. उभं अंतर १९.४. दोन्ही मिळून २७.५ मीटर. आडवी अंतरं काढून बघितली तर शेंड्याचं ४१.८ आणि बुंध्याचं ४१.७, म्हणजे खरा शेंडा खोडाच्या जवळजवळ सरळ वर आहे आणि किरण बरोबर झाडावरच लागलाय. इथे अर्ध्या अंशाची चूक धरली तरी शेंड्याच्या उंचीत ३६ सेंमीचा फरक, त्यामुळे दशांशानंतरचा आकडा फार ताणायचा नाही, पण २७ च्या आसपास आहे यात शंका नाही. पुन्हा पुन्हा मारून बघितलं, दुसऱ्याच्या हातात यंत्र देऊन बघितलं, तेवढंच.

आणि आता गंमत बघा, गणिताची. जवळून टॅनने ३३.४, जवळून साइनने जास्तीत जास्त २६.२, खरं २७.५ च्या आसपास. साइन सव्वा मीटरने कमी, टॅन जवळपास सहा मीटरने जास्त. हा कातळ नसता तर मी २६.२ लिहिलं असतं आणि शेजारी "किमान" हा शब्द घातला असता, आणि तेही चाललं असतं.

बोर्डावरच्या आकड्यासाठी एवढी यातायात कशाला, असं एका मित्राने विचारलं. बोर्डासाठी नाहीच. नोंदवहीतले आकडे पुढे झाडांत साठलेल्या कार्बनच्या हिशोबात जातात, आणि तो झाडाच्या वजनावरून काढतात. उष्णकटिबंधातल्या झाडांच्या वजनासाठी जेरोम शाव्ह आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं सूत्र सगळीकडे वापरतात, ४,००४ झाडं प्रत्यक्ष तोडून-तोलून जमवलेल्या माहितीवर बसवलेलं. त्यात लाकडाची घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार घ्यायचा, त्याचा ०.९७६ वा घात काढायचा, आणि ०.०६७३ ने गुणायचं. घात जवळजवळ एक आहे, म्हणजे उंची जेवढे टक्के फुगली तेवढेच टक्के वजन फुगणार. या बेहड्याचा घेर ३१० सेंमी, व्यास ९८.७, घनता ०.६५ धरली तर २७.५ मीटरला कोरडं वजन साधारण पावणेनऊ टन येतं, आणि ३३.४ मीटरला साडेदहाच्या वर. लाकूड तेवढंच, आणि नुसत्या उभं राहण्याच्या जागेमुळे कागदावर पावणेदोन टनांहून जास्त वाढलं. एका झाडाचं हे. अख्ख्या राईत सगळी मोठी झाडं अशीच जवळून मोजली असतील तर, आणि मोठ्याच झाडांमध्ये ही चूक जास्त होते, तर पूर्ण बेरीज फसवी. आणि ही चूक दरवेळी एकसारखीही नसते, तेव्हा नंतर कोणी टक्केवारी कापून दुरुस्त करू म्हटलं तरी करता येत नाही.

घेराचं एका ओळीत सांगतो: बुंध्याला बट्रेस, म्हणजे तळाशी बाहेर पसरलेले आधाराचे पंखे, आहेत, १.३७ मीटरवर टेप लावला तर घेर भलताच येतो, म्हणून बट्रेस संपतात त्याच्या वर मोजला आणि कुठे मोजला ती उंचीही लिहिली. उताराचं मात्र जरा जपा, तिथे टेप वापरणारे हमखास फसतात. २० अंशाच्या उतारावर जमिनीवरून २० मीटर टेप टाकला तर आडवं अंतर १८.८ च असतं, आणि घाटातली रानं म्हणजे सगळा उतारच.

उपग्रहाने हे सुटेल असंही काहींना वाटतं. नासाचं जेडाय (GEDI) हे लेझर उपकरण डिसेंबर २०१८ मध्ये अंतराळ स्थानकाकडे पाठवलं, त्याने जगभरातल्या जंगलांची उंची मोजली, फार मोलाचं काम आहे ते. पण त्याचा एक ठिपका सुमारे २५ मीटर व्यासाचा, त्यात बेहडा, आंबा, जांभूळ सगळे एकत्र, कुठल्या झाडाची उंची ते कळत नाही, आणि उतारावर तर जमीन आणि झाडं एकमेकांत मिसळतात. वरून आलेल्या उंचीवरून वजन काढायला शेवटी जमिनीवर मोजलेल्या झाडांचाच आधार लागतो, आणि जमिनीवरचा आकडा ३३.४ असेल तर त्या आधारालाच अर्थ नाही.

गावाला सांगितलं तेव्हा एकदोघं नाराज झाले, सहा मीटर कमी झाले म्हणून. सरपंचबाईंनी मात्र लगेच विचारलं, "मग बाकीच्या झाडांचं काय?" हाच प्रश्न हवा होता. नोंदवहीत आता बेहड्यासमोर असं आहे: उंची २७.५ मीटर, साइन पद्धत, कातळावरून, झाड निष्पर्ण, आडवं अंतर ४१.८; आणि खाली जुना ३३.४ सुद्धा ठेवलाय, टॅन पद्धत, २० मीटरवरून, झाड पानात, असं लिहून. जुना आकडा खोडला नाही, कारण तो कसा आला हे कळलं तर पुढच्या माणसाला उपयोग होईल. बोर्डावर २७ मीटर एवढंच टाकायचं ठरलं.

बाकीच्या झाडांपैकी पानझडी होती त्यांची फेरमोजणी झाली, दोन ऐन आणि एक किंजळ. आंबा आणि जांभूळ वर्षभर हिरवे, कातळावरून त्यांचे शेंडे दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासमोर साइनचा सगळ्यात मोठा आकडा आणि "किमान" असंच लिहिलेलं आहे. ओढ्याच्या पलीकडच्या बांधावरून आंबा दिसतो असं तात्या म्हणतात, तिथे करवंदीची जाळी वाढलीये, आणि तो बांध राईच्या बाहेर आहे त्यामुळे वाट करायला हरकत नाही. ते काम पावसाच्या आधी करायचं आहे.